काळ्या चौकटीतलं नाव

पेत्रामालाच्या घाटातलं शेवटचं वळण असं आहे की मंत्र्याची गाडी असो नाहीतर बोकडांचा टेम्पो, वेग कमी करावाच लागतो. तिथेच, शाळेच्या भिंतीवर, फोर्तुनातो त्रिपेपीने स्वतःच्या मरणाची बातमी वाचली.

काळ्या चौकटीचा कागद, वर क्रूस, आणि मधोमध ठळक अक्षरांत त्याचं नाव आणि आडनाव. खाली बारीक मजकूर होता, पण तो वाचायच्या आत गाडी पुढे गेली. त्याच कागदाला खेटून खाली पक्षाचं रंगीत पोस्टर होतं. पंचवीस एप्रिल, मुक्तिदिन, दुपारी बारा वाजता चौकात सभा, पर्यावरणमंत्री फोर्तुनातो त्रिपेपी बोलणार. वर मेलेला, खाली बोलणारा. खळ अजून ओली होती, कागदाचे कोपरे चमकत होते.

"पिन्ना," तो म्हणाला. आवाज आपला नाही असं त्याला वाटलं.

"पाहिलं, साहेब." पुढच्या सीटवरच्या एफिझियो पिन्नाने मान वळवली नाही. अंगरक्षकांचा हा जमादार सार्डिनियाचा, शब्द मोजून वापरणारा. "थांबायचं नाही. काच वर घ्या."

दुसरा कागद कारंज्यापाशी होता, तिसरा औषधाच्या दुकानाजवळ, चौथा चर्चच्या पायऱ्यांवर. गाडी चालवणाऱ्या पोराने स्टिअरिंग सोडून दाराची लोखंडी कडी पटकन शिवून घेतली. अपशकुन दिसला की आम्ही सगळेच लोखंड शिवतो, पण मंत्र्यासमोर शिवायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

आमच्या भागात माणूस मेला की सकाळपर्यंत भिंती बोलतात. पण जिवंत माणसाचा कागद लागला, तर समजून घ्यायचं की तारीख ठरली आहे. बस कामगारांच्या युनियनचा कोलोझिमो होता, त्याचा लागला होता. तो हसला, बाजारात सगळ्यांना दाखवत फिरला. नवव्या दिवशी खरा लागला. छापखाना तोच होता, नुसती तारीख बदलली.

कोण लावणार हे फोर्तुनातोला विचारायची गरज नव्हती. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात त्याच्याच सहीचा आदेश होता. सावेरियो मुराकाचा वाळू-खडीचा परवाना रद्द. वीस वर्षं मुराकाचे डंपर नदीचं पात्र उपसत होते. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पाणी आलं तेव्हा काठ राहिलाच नव्हता. खालची आळी गेली, अकरा माणसं गेली. चौकशी अजून चालूच आहे, म्हणजे होणार नाही. रोममध्ये सही केलेले आदेश वाटेत कसे आजारी पडतात आणि कुठल्या कचेरीत मरतात, हे गावाला ठाऊक होतं. म्हणून ओर्सोला नुचेराने हट्ट धरला होता की आदेश चौकात, सगळ्यांसमोर, मंत्र्याच्या तोंडून वाचला गेला पाहिजे. हजार माणसांनी ऐकलेलं परत घेता येत नाही.

ओर्सोला गावची औषधवाली. मुराकाच्या माणसाविरुद्ध नगराध्यक्षपदाला उभी राहणारी वीस वर्षांतली पहिली. तिच्याबरोबर बारा जणांची यादी होती. उद्या दुपारी बाराला उमेदवारीची मुदत संपत होती, आणि त्याआधी निदान नऊ जणांनी कचेरीत जाऊन चिटणिसासमोर सह्या करायला हव्या होत्या. ते बारा जण एकाच गोष्टीसाठी थांबले होते. मंत्री बोलतो का, ते बघायचं होतं त्यांना.

आणि बोलण्याच्या बाबतीत फोर्तुनातोचं नाव मोठं होतं. त्याची सगळी कारकीर्द एका भाषणावर उभी होती. एकोणतिसाव्या वर्षी नगराध्यक्ष असताना त्याने याच चौकात जमिनी लाटणाऱ्यांची नावं घेतली, एकामागून एक. त्या रात्री त्याची गाडी जाळली. सकाळी तो पायी सभेला गेला, काजळी लागलेली चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, चला, पुढचा विषय. बस्स! तिथून खासदार, मग उपमंत्री, मग पक्षाची फाटाफूट झाली तेव्हा योग्य बाजूला, मग डाव्या-मध्यममार्गी आघाडीचं सरकार आलं तेव्हा मंत्री. जळक्या गाडीत बसून रोमला गेला, असं गावातली वाईट जिभेची माणसं म्हणायची. अगदीच खोटं नव्हतं ते. त्या एका रात्रीच्या धैर्यावर तो पंचवीस वर्षं जेवत होता, आणि त्यातलं किती शिल्लक आहे हे त्याने कधी तपासलंच नव्हतं.

आता तपासायची वेळ आली होती.

"मागे फिरू या," पिन्ना म्हणाला. "मी वायरलेसवर कळवतो. तब्येतीचं कारण."

"नको." हे धैर्य नव्हतं. परत जायचं तर तोच घाट होता, तीच वळणं, आणि प्रत्येक वळणावर गाडी हळू करावी लागणार होती. "लवकर आटपू."

चौकात तो उतरला तेव्हा बँड वाजत होता, पण लोक त्याच्याकडे जसं बघत होते तसं कोणी पाहुण्याकडे बघत नाही. बायकांनी बोलणं थांबवलं. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. न्हावी तुरी लगबगीने पुढे आला, त्याने फोर्तुनातोचा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"काय बोलायचं! एवढं वयही नव्हतं."

वय नव्हतं! हा माणूस त्याच्याबद्दल भूतकाळात बोलत होता, त्याचा हात हातात धरून.

"तुम्ही आलात हेच मोठं," तुरी म्हणाला. "दुसरा आला नसता."

मग पाद्री अन्सेल्मो आले, खांद्यावर हात ठेवला. "उद्या संध्याकाळी सहाला चर्चमध्ये प्रार्थना ठेवली आहे. तुम्ही तर असालच."

पाद्रीसुद्धा! त्याने पिन्नाकडे पाहिलं. पिन्नाचा हात कोटाच्या आत होता आणि नजर वरच्या खिडक्यांवर. एका खिडकीची झडप बोटभर उघडी होती.

विचारलं का नाही त्याने कोणाला, असं आता शहाणी माणसं म्हणतात. पण आमच्याकडे असं विचारत नाहीत. विचारलं की कबूल केल्यासारखं होतं. ज्याला भीती वाटते त्याने आधी चेहरा सांभाळायचा, हेच आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं.

ओर्सोला गर्दीतून वाट काढत आली. तिने काळा स्कार्फ बांधला होता. तेही त्याने पाहिलं.

"काका, वाईट वाटलं मला फार. आज बोलाल ना? नाही जमत असं वाटलं तर…"

"बोलतो."

तिचा चेहरा उजळला. "बाराच्या बारा आलेत. पहिल्या रांगेत बसलेत बघा, ओळखपत्रं खिशात घेऊन. रोसारियो तर बायकोशी भांडून आलाय. ती म्हणाली, सही केलीस तर माहेरी जाते. हा म्हणाला, मग तर दोन सह्या करतो!" ती हसली आणि लगेच हसू आवरलं. "चिटणीस साडेबाराला कचेरीत बसणार आहे. तुम्ही परवान्याचं वाक्य बोललात की आम्ही इथूनच सरळ तिकडे."

तेवढ्यात गर्दी आपोआप दुभंगली. सावेरियो मुराका येत होता. मूळचा गवंडी, म्हणून अजूनही सगळे त्याला 'मास्त्रो' म्हणत, मास्त्रो म्हणजे मिस्त्री. सत्तरीचा, ठेंगणा, अंगावर स्वच्छ काळा कोट, हातात टोपी. पिन्ना आडवा आला, पण मास्त्रो सावेरियो त्याच्या बगलेतून असा पुढे सरकला जसा स्वतःच्या घरात फिरतोय. त्याने फोर्तुनातोला जवळ घेतलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

"माणूस आज आहे, उद्या नाही," तो हळूच म्हणाला. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता. "मंत्रीमहाशय, काही चिंता करू नका. घरच्यांचं आम्ही बघू. तुमच्या माणसांना काही कमी पडणार नाही."

फोर्तुनातोला एकदम त्याची मुलगी आठवली. ती बोलोन्याला शिकत होती, तिसऱ्या मजल्यावर, दाराला साधी कडी. त्याने मान हलवली. 'आभारी आहे,' असं तो म्हणाला हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

व्यासपीठाच्या पाच पायऱ्या होत्या. वर गेल्यावर त्याला फक्त खिडक्या दिसत होत्या. पहिल्या रांगेतले बारा जण मान वर करून बसले होते. रोसारियोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मास्त्रो सावेरियो कडेला उभा होता, टोपी छातीशी धरून, मान खाली घालून.

फोर्तुनातो फॅसिस्टांविरुद्धच्या मुक्तियुद्धावर बोलला. राज्यघटनेवर बोलला. युरोपचं त्याने दोनदा नाव घेतलं. कोटाच्या आत कागद छातीला टोचत होता, आणि प्रत्येक वेळी तिकडे हात जायला लागला की त्याला वाटायचं, हात आत जाण्याचीच वरून कोणीतरी वाट बघतंय. "निसर्गाचं रक्षण ही आपली सर्वांची जबाबदारी आहे," तो म्हणाला. ओर्सोला मान पुढे करून ऐकत होती. "आणि कायदा," तो म्हणाला. कुठेतरी चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला. "कायदा आपलं काम योग्य वेळी करेल. मुक्तिदिन चिरायु होवो!"

सहा मिनिटं. बँडवाल्यांना वाटलं तो पाणी प्यायला थांबला आहे, त्यांनी वाद्यं उचललीच नाहीत. टाळी पहिल्यांदा मास्त्रो सावेरियोने वाजवली. त्यालाही आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

खाली उतरताना ओर्सोला त्याच्या वाटेत उभी होती. तिच्यामागे पहिल्या रांगेतला एक जण उठला, पँट झटकली आणि दुसरीकडे बघत निघून गेला. मग आणखी दोन. फोर्तुनातोने ते पाहिलं आणि तो गाडीत शिरला.

कारंज्यापाशी पिन्नाने गाडी थांबवली. "एक मिनिट, साहेब. पुरावा लागेल." तो उतरला, खिशातल्या चाकूने भिंतीवरचा कागद अलगद सोडवला आणि हातात धरून तिथेच वाचत उभा राहिला. बराच वेळ वाचत राहिला. मग दार उघडून वाकला.

"साहेब, टोरांटोत तुमचं कोणी आहे का?"

फोर्तुनातोने कागद घेतला. 'दूर कॅनडात, टोरांटो येथे, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी देवाघरी गेले. आई मिकेलिना, पत्नी आणि मुलं हे दुःखद वृत्त कळवतात.'

तो त्याचा चुलतभाऊ होता, घरात ज्याला नातो म्हणत. आजोबांचं नाव फोर्तुनातो. आजोबांना तीन मुलगे, आणि तिघांनीही रीतीप्रमाणे आपापल्या थोरल्याला आजोबांचं नाव दिलं. एका अंगणात तीन फोर्तुनातो त्रिपेपी वाढले होते. कोणाचीही आई हाक मारायची तेव्हा तिघेही धावायचे आणि मार कोणाला बसेल ते सांगता यायचं नाही. गावातल्या शेंबड्या पोराला जे पहिल्या फटक्यात सुचलं असतं, ते मंत्र्याला सुचलं नव्हतं. वीस वर्षं तो अशा शहरात राहिला होता जिथे फोर्तुनातो त्रिपेपी एकच होता.

आणि त्याला कोणी सांगितलंही नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असणार. तो आला म्हणजे त्याला कळलंच असणार. तुरी, पाद्री, ओर्सोलाचा काळा स्कार्फ… सांत्वन करत होती बिचारी. मास्त्रो सावेरियोसुद्धा. चार शब्द रीतीचे बोलला होता, जे तो कोणाच्याही मयताला बोलतो.

"म्हणजे धमकी नव्हतीच," पिन्ना म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. फोर्तुनातोने मात्र घड्याळ पाहिलं.

"गाडी चौकात घे."

चौकातल्या खुर्च्या उचलून झाल्या होत्या. पेत्रामालात एक वाजला की परमेश्वर जरी खाली उतरला तरी त्याला जेवण होईपर्यंत थांबावं लागतं. चौकात एक कुत्रं आणि बँडचा ढोल उरला होता.

मग तो काकूच्या घरी गेला. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि जाणं तर भागच होतं. मिकेलिना काकू ब्याऐंशी वर्षांची, काळ्या कपड्यांत बसली होती. तिने त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं.

"आलास रे बाळा. मी म्हणतच होते, हा येईल. माझा तिकडे बर्फात एकटा पडलाय, आणि त्याचं नाव घेऊन तू तरी आलास." ती रडली, आणि तोही रडला. कशासाठी ते त्याला वेगळं काढता येईना.

घरात चूल बंद होती. मरणाच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. जेवण बाहेरून येतं आणि आणणाराच वाढतो, त्याला नाही म्हणणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. लांब टेबलावर पांढरी चादर होती. त्याला मधोमध बसवलं. त्रिपेप्यांमधला आता तोच थोरला.

ओर्सोला आली तेव्हा टेबलावर ताटं मांडत होते. तिने काकूचे गाल चुंबले, दोन शब्द बोलली, मग फोर्तुनातोच्या शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

"चार," ती हळूच म्हणाली. "मला धरून पाच. चिटणीस म्हणाला, उद्या बारापर्यंत थांबतो. चांगला आहे बिचारा. पण कोणी येणार नाही."

"रोसारियो?"

"तो दारापर्यंत आला होता. परत गेला."

"ओर्सोला, ऐक. आदेश माझ्या खिशात आहे. सही केलेला. मी आत्ता घरोघर जातो, वाचून दाखवतो. तो कागद, भिंतीवरचा, मला वाटलं माझाच आहे. मला वाटलं, त्यांनी लावलाय."

ओर्सोलाला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचे ओठ पांढरे पडले.

"म्हणजे कोणी काही म्हटलंच नव्हतं तुम्हाला?"

"नाही."

"कोणीच काही केलं नव्हतं."

"नाही. म्हणून तर म्हणतो, अजून वेळ…"

"काका." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तिचा हात गार होता. "त्या माणसांना तुमच्या कागदाचं काही नव्हतं हो. ती तुमच्या तोंडाकडे बघत होती. चार बंदुकवाले घेऊन फिरणारा माणूस घाबरतो का, तेवढंच बघायचं होतं. मी आठ वर्षांची होते तेव्हा बाबांनी मला खांद्यावर बसवून तुम्हाला दाखवलं होतं." तिने हात काढून घेतला. "आणि आता त्यांनाही कळलंय. मास्त्रोला. आजपर्यंत त्याला वाटायचं, तुमच्यासाठी काहीतरी मोठं करावं लागेल. माझ्या दुकानाला तर मागचं दारसुद्धा नाही, काका. दोन पोरं वरच्या मजल्यावर झोपतात."

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि सगळे अदबीने सरकले. पहिल्या दिवसाचं जेवण कोणाकडून, यावर म्हणे सकाळी आळीत चढाओढ झाली होती. मास्त्रो सावेरियो आत आला. कोट काढून त्याने बाह्या सरसावल्या होत्या, कमरेला पांढरा पंचा बांधला होता आणि हातात वाफाळतं पातेलं होतं. त्याने आधी काकूला वाढलं, वाकून. मग तो फोर्तुनातोकडे आला.

"कोंबडीचा रस्सा आहे, मंत्रीमहाशय. माझ्या बायकोने पहाटेपासून शिजवलाय." त्याने पळी अलगद ओतली, एक थेंब चादरीवर सांडला नाही. "आज फार छान बोललात. मोजकं. मी घरी म्हणालोसुद्धा, असा माणूस भेटला तर भांडायचं तरी कशाला?"

ओर्सोला उठली. तिने स्कार्फ नीट केला आणि काकूला म्हणाली, येते मी. दारापाशी ती क्षणभर थांबली, बघत.

"खा रे बाळा," काकू म्हणाली. "निवतंय. नातोच्या नावाने दोन घास खा."

फोर्तुनातोने चमचा उचलला. रस्सा चांगला झाला होता. सगळं टेबल त्याच्याकडे बघत होतं, आणि मास्त्रो सावेरियो पातेलं धरून शेजारीच उभा होता.

"मीठ बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मंत्री म्हणाला.

"आणखी थोडा देऊ?"

दार लागल्याचा आवाज आला. त्याने ताट पुढे केलं.